विलासचा फोटो आणि कोरी डिस्क

दुपारचे अडीच. सांगलीतलं आमच्या दैनिकाचं कार्यालय, काळे पडदे लावलेली कॉम्प्युटरची खोली.

बातमीदारीत आयुष्य घासलं की किस्से साठत जातात, खिशातल्या जुन्या एसटी तिकिटांसारखे. बहुतेक चहाबरोबर खपतात. या खोलीतले सांगायला लागलो की मात्र मित्र म्हणतात, "गड्या, विषय बदल!" आज नाही बदलणार.

*

नव्वदच्या दशकात कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा एसी फक्त त्याला! आम्ही घामाघूम, यंत्र गारव्यात. चपला काढून आत जायचं, देवळात जावं तसं.

त्या दुपारी ऑपरेटर सुनंदा कांबळेनं मशीन सुरू केलं. पडद्यावर एकच संदेश: डिस्क वाचता येत नाही. ती पुन्हा पुन्हा 'रीट्राय' दाबत होती. दर वेळी आतून खट् खट् आवाज यायचा, कुणी दार वाजवावं तसा.

"आत कोन हाय वो?" शिपाई गणपतनं विचारलं.

सुनंदानं पुन्हा 'रीट्राय' दाबलं.

*

त्याच डिस्कमध्ये विलासचा फोटो होता. कुंडल गावच्या आण्णांचा मुलगा, फौजेत होता, काश्मीरमध्ये शहीद झाला. पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी आण्णांनी घरातला एकुलता एक फोटो बराच आधी आणून दिला होता.

आमची पद्धत अशी, की स्कॅन झाला की मूळ फोटो पानाच्या आराखड्याला टाचायचा आणि महिनाअखेर सगळे आराखडे रद्दीत! हा फोटो कुणाला तरी परत द्यायचाय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मूळ फोटो रद्दीवाल्याकडे गेला. उरला तो डिस्कमध्ये.

फोटो परत न्यायला आण्णा आधीपासूनच रोज एसटीनं यायचे. "आवं, त्येची आय जेवंना झालीया. जायरात ऱ्हाऊ द्या, आमचा फोटू तेवढा द्या."

*

साताऱ्याहून माने नावाचा इंजिनिअर आला. म्हणाला, "पुण्याला पाठवली तर कदाचित आतलं निघेल. वेळ लागेल."

"फॉरमॅट मारा!" मॅनेजर म्हणाले. "उद्या अंक निघायला हवा."

"जवानाचा शेवटचा फोटो पुसताय तुम्ही!" मी ओरडलो.

"जवानावर तुम्ही अग्रलेख लिहा. मशीन आम्हाला चालवू द्या!"

हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

मानेनं डिस्क पुसली. पुन्हा पुसली. "झाली कोरी पाटी," म्हणत मशीनची विजेची वायर काढून माझ्या हातात दिली आणि चहाचा कप उचलला.

खट् खट्.

वायर माझ्या हातात होती! माने कप तसाच ठेवून साताऱ्याच्या गाडीला पळाला. बिल मागायलाही परत आला नाही.

*

जाहिरात फोटोशिवायच लावायची ठरलं. सुनंदानं रिकाम्या चौकटीत समईचं चित्र टाकलं. बटर पेपरवरचा प्रिंट मी स्वतः तपासला. वर समई, खाली नाव. त्याच कागदावरून छपाईची प्लेट झाली.

सकाळी अंक उघडला, तर चौकटीत विलास!

एका अंकात नाही, सगळ्या अंकांत. बटर पेपर मागवून पाहिला, त्यावर समईच. छापखान्यातला माणूस म्हणाला, "आमी आलं त्ये छापलं."

अंक घेऊन मी कुंडलला गेलो. आण्णांनी अंक दारातल्या उजेडाकडे धरला.

"त्योच हाय," ते म्हणाले. "पर ह्यो फोटू आमचा न्हाई. आमच्या फोटूत त्यो वर्दीत हुता."

छापलेला विलास हसत होता. अंगात स्वेटर, छातीवर चौकटीचौकटींची नक्षी.

विलासची आई उठली. ट्रंकेतून कापडात शिवलेलं एक पार्सल काढून आमच्यापुढे बसली.

"थंडीसाठी हातानं इणून धाडलं हुतं त्येला. पोचायच्या आदीच त्यो गेला. हाय तसं माघारी आलं."

तिनं ब्लेडनं शिवण उसवली. आतला स्वेटर झटकून अंकाशेजारी पसरला. तीच नक्षी.

ते पार्सल त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं होतं.