सात दिवसांत मिळणारा दाखला

चेन्नईजवळ, तांबरमच्या पुढे माझा छोटा कारखाना आहे. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. श्रीपेरुंबुदूरच्या एका कोरियन कंपनीने मोठी ऑर्डर देऊ केली, तेव्हा लागणाऱ्या कागदांची यादी मी वहीत केली. अकरा कागद. दहा आले. अकरावा अग्निशमनाचा दाखला. तो नसता तर शुक्रवारच्या तपासणीला आलेली कंपनीची माणसं दारातूनच परत गेली असती, आणि त्यांच्याबरोबर ऑर्डरही.

परदेशी गुंतवणूकदारांना आमंत्रण देणाऱ्या गुळगुळीत सरकारी पुस्तिकेत हा दाखला सात दिवसांत मिळतो असं छापलं होतं. माझ्या वहीत तीन महिने होऊन गेले होते. दोन्ही खरं होतं. अर्जावर शंका निघाली की तो परत यायचा, नवा क्रमांक मिळायचा आणि दिवस पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. शंका पाच वेळा निघाली. एकदा जिन्याची रुंदी विचारली. आमच्याकडे जिनाच नाही, असं कळवलं, तर जिना नसल्याचा फोटो मागितला. मी चारी भिंतींचे पाठवले.

अग्निशमन कचेरीतले साहेब मान वर न करता तमिळमध्ये बोलत. माझं तमिळ जॉर्ज टाउनात पुठ्ठ्याचा भाव पाडण्यापुरतं. अग्निशमनाचे नियम त्यात मावत नाहीत.

त्या सोमवारी साहेबांचा स्वतःहून फोन आला, तोही मराठीत. जरा जुनी, तमिळच्या चालीवरची, पण मराठीच. त्यांचं घराणं तंजावरचं निघालं.

"अक्का, आपण एका भाषेची माणसं. आधी सांगायचं की," ते म्हणाले.

माझं 'कर'ने संपणारं आडनाव प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच ओळीत होतं.

संध्याकाळी ईमेल उघडली तेव्हा उलगडा झाला. कुठल्या राज्यात उद्योग करणं किती सोपं, याची क्रमवारी लागणार होती. त्यासाठी काही उद्योजकांना फोन जाणार होते, आणि त्या यादीत मी होते.

गुरुवारी साहेब स्वतः कारखान्यात आले. कॉफी घेतली, माझ्या माहेरची चौकशी केली. दाखल्याचं पाकीट मात्र मांडीवरच होतं. तेवढ्यात फोन वाजला. सर्वेक्षणवाली मुलगी हिंदीत बोलत होती. साहेबांनी मला खुणेनेच 'बोला, बोला' केलं. मी आधी पाकिटासाठी हात पुढे केला. नाव, पत्ता, शिक्का तपासला, दाखला फाइलमध्ये लावला, यादीत बरोबरची खूण केली. मग म्हटलं, "विचारा."

दाखल्याला किती दिवस लागले? साहेबांनी समोरून एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवली. मी वहीतल्या तारखा वाचायला घेतल्या. तिसऱ्या तारखेला तिने थांबवलं. तिच्याकडचे पर्याय 'तीसपेक्षा जास्त'ला संपत होते. साहेबांची बोटं हळूहळू मिटली.

शेवटचा प्रश्न होता, अधिकारी तुम्हाला कळेल अशा भाषेत बोलले का?

"हो," मी म्हटलं, "शेवटचे चार दिवस."

साहेबांनी उरलेली कॉफी संपवली. दारात चपला घालताना ते म्हणाले की या दाखल्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. हे त्यांनी तमिळमध्ये सांगितलं. मी वहीत पुढच्या वर्षाचं पान काढलं आणि पहिली ओळ लिहिली: तमिळची शिकवणी.