बाकावरच्या बाई

आम्हाला निबंध लिहायला सांगून मराठीच्या बाई कधी खुर्चीत बसल्या नाहीत. आमच्यातल्याच एखाद्या बाकावर अंग चोरून बसायच्या आणि स्वतःही लिहायच्या. सगळ्यांत आधी त्यांचंच वाचून व्हायचं. एकदा त्यांनी, नवरा गेल्यावर शेजारची दारं कशी एकेक करून बंद झाली, ते वाचलं. त्यानंतर त्यांच्यासमोर खोटं लिहिणं आम्हालाच जड जाऊ लागलं.

वर्ग हैदराबादच्या एका मराठी मंडळाचा, रविवार सकाळचा. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्यांची मुलं फर्डं बोलायची, पण वाचताना अडखळायची. आम्ही अंबरपेठेतले, पिढ्यान्‌पिढ्या इथले. आमच्या मराठीत तेलुगू आणि दखनी मुरलेली. मी "का"ऐवजी "कायकू" म्हटलं की मागे खसखस पिकायची. बाई हसणाऱ्याला रागवत नसत. "हिचं ऐकून तुला काय दिसलं, ते सांग," म्हणायच्या, आणि ते सांगावंच लागे. शुद्धलेखनाचं त्या सोडत नसत, फक्त म्हणायच्या, "आधी खरं लिहा, मग शुद्ध करू."

त्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांनी आपापलं लेखन वाचायचं ठरलं. मी आईवर लिहिलं. आई नारायणगुड्याला ऋताच्या घरी स्वयंपाक करायची. ऋता माझ्याच वर्गातली, तिची आई मंडळाच्या कार्यकारिणीवर. त्या घरात माझ्या आईला सगळे "पोळ्यावाली" म्हणतात, असं मी लिहिलं होतं.

बाईंनी ते वाचून वही मिटली. मग म्हणाल्या, "लिहिणं तुझं आहे, पण जगणं आईचं. तिला विचारल्याशिवाय वाचायचं नाही."

घरी मी आईला वाचून दाखवलं. तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मारेल.

"वाच," ती म्हणाली. "पण माझं नाव टाक त्यात. तिथं मला नाव नाही."

तालमीत ते ऐकून मंडळाच्या सरचिटणीसांनी बाईंना आणि मला बाजूला घेतलं. "ही काय भाषा आहे? सुधारून घ्या. आणि तो ऋताच्या घरचा भाग काढा. नाहीतर पुढच्या वर्षी वर्ग कुणाकडे द्यायचा, याचा विचार आम्हाला करावा लागेल."

बाईंच्या कपाळावरची शीर ताठ झाली. आवाज मात्र चढला नाही. "दुसऱ्या कुणाचं बदललं नाही, तर हिचंही बदलणार नाही. वाचायचं की नाही, ते ही ठरवेल."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. "वाचते," मी म्हणाले.

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत ऋताची आई होती, शेवटच्या रांगेत माझी. "माझ्या आईचं नाव कमल. ती फजरला, अंधारातच उठती, परेशान झाली तरी बोलत नाही..." "पोळ्यावाली" हा शब्द आला आणि ऋताची आई उठली. खुर्ची करकरली, मी थांबले. बाई येऊन स्टेजखाली उभ्या राहिल्या. मी पुढे वाचलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. मग ऋता उभी राहिली. "मला आमचं स्वयंपाकघर दिसलं," ती म्हणाली. "त्यात मीपण होते." आणि ती मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून लवकर परतली. "सुटलं काम," चपला काढत म्हणाली. "हौ, सुटणारच होतं. माहीत होतं मला." महिन्याभराने तिला एका हॉस्टेलच्या मेसमध्ये काम मिळालं. बाईंचा वर्ग मात्र गेला. त्या नांदेडला मुलीकडे जायला निघाल्या आणि जाण्याआधी आमच्याकडे आल्या.

आईने त्यांना जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर बाईंनी विचारलं, "कमलताई, लग्नाआधी तुम्ही कशा होतात हो?"

आई गोंधळली. "मी? मी भांडखोर होते बाई." मग तिला हसू फुटलं. "एकदा गावात पोरींना विहिरीत पोहू देईनात, तर मी काय केलं..."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांनीही ऐकलं नसावं. त्यांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. गाडीची वेळ होत आली होती, खाली ऑटोवाला सारखा हॉर्न वाजवत होता. बाईंनी पिशवी बाजूला सरकवली आणि मांडी घालून नीट बसल्या.