रूबेनच्या दारातली पायरी

...तर रूबेन हेडिचने पहार घालून दारातली पायरी पुन्हा उचकटली, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारीण टॅमझिन ओरडली, "काय म्हातारबा, आज द्यायचीय की ठेवायचीय?"

"द्यायचीय," रूबेन म्हणाला. मग पहार टेकवत, "बहुतेक."

महायुद्ध संपलं होतं. चर्चच्या अंगणात शेकडो वर्षं मुंडक्यावाचून उभा असलेला दगडी क्रूस नीट करायचा आणि त्याच्या चौथऱ्यावर लढाईत गेलेल्या पोरांची नावं कोरायची, असं इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या आमच्या गावाने ठरवलं. मुंडकं, म्हणजे टोकावरचा कोरीव दगड, कुठे गेलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. रूबेनला होतं. धर्माच्या जुन्या भांडणात चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या आणि ते पडलं, तेव्हा त्याच्या कुण्या पूर्वजाने ते आणून दारात पालथं घातलं होतं. वर सपाट पाठ, खाली मातीत कोरलेली, बाळ येशूला घेतलेली मेरी. एका रात्री सफरचंदाची दारू चढली आणि रूबेन चारचौघांत हे सगळं बोलून बसला!

आता त्या पाठीवर एक खाच होती. कुंपणं छाटायला निघताना त्याचा पोरगा गिडियन तिथेच कोयता घासायचा. "घराची पायरी खातोस, लेका!" बाप ओरडायचा. पोरगा हसायचा आणि आणखी घासायचा. तीच पायरी उतरून तो फ्रान्सला गेला. मेला, असं कोणी कळवलं नाही. सापडत नाही, एवढंच.

तिथेच सगळा घोळ. दगड द्यावा तर पोराची खाच जाते. न द्यावा तर मेरी चिखलात तोंड खुपसून. आणि दिला, नाव कोरलं, म्हणजे पोरगा गेला हे बापानेच कबूल केलं की! सकाळी पायरी निघायची, संध्याकाळी परत बसायची.

त्या दिवशी मात्र पाद्रीबुवा पाथरवटाला आणि हातगाडी घेऊनच आले. दगड उलटला. रूबेनने डोक्यावरची टोपी काढली, तिनेच मेरीच्या गालावरची माती पुसली आणि म्हणाला, "न्या." मग घरात जायला सवयीने पायरीवर पाय टाकला, तो थेट खड्ड्यात! टॅमझिन खो खो हसली, आणि तिनेच धावत येऊन हात दिला.

पाद्रीबुवांनी हळूच विचारलं, "रूबेन, पोराचं नाव कोरायचं ना?"

रूबेनने गुडघा चोळत हातगाडीकडे पाहिलं.

"कोरा. पण फार खोल नका जाऊ, बुवा. परत आला तर त्यालाच घासून काढायला लावीन. दगड घासायची खोड आहेच त्याला."