खालाला नको असलेलं व्याज

बाबांना घराचं कर्ज शेवटच्या पगारासोबत संपवायचं होतं. ते पुसदच्या एका शाळेत शिपाई. निवृत्तीनंतर बँकेचं तोंड पाहायचं नाही, एवढीच त्यांची हौस. टीव्हीवर रेपो दर वाढल्याची बातमी आली की ते ऐटीत म्हणायचे, "आपला हप्ता कुठी वाढला? आपली बँक चांगली हाय."

डोंबलाची चांगली! हप्ता तोच ठेवून तिनं गुपचूप कर्जाची मुदत निवृत्तीच्या पुढं वाढवली होती. महागाई आवरायला रिझर्व्ह बँक दर वाढवते म्हणे. बँकांना पैसा महाग पडतो, मग त्या आपल्याला महाग देतात. बरं, द्या. पण माणसाच्या म्हातारपणातली वर्षं कापून घेताना निदान तोंडानं सांगाल की नाही?

मग दर उतरला. बाबांना घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरचा म्हणाला, "तुमचं कर्ज जुन्या पद्धतीचं आहे. कमी दर पाहिजे असेल तर अर्ज द्या, फी भरा." वाढवताना कोणी अर्ज मागितला होता? माझं डोकंच फिरलं.

पलीकडच्या खिडकीवर आमच्या शेजारची खाला भांडत होती. ती शिवणकाम करते. घराचा स्लॅब तिनं बिनव्याजी पतसंस्थेतून कर्ज घेऊन टाकला. दागिने तारण ठेवले, पैसे घेतले तेवढेच फेडले, वर कामकाजाचा ठरलेला खर्च. तिथं व्याजच नाही, तर रेपो चढो की उतरो, तिला काय त्याचं! बँकेत तिचं खातं फक्त शिलाईच्या पैशांसाठी.

"मले व्याज नाई पायजे म्हणलं, तरी कायले टाकता?"

सिस्टीम आपोआप टाकते म्हणे. व्याज घेणं तिच्या धर्मात हराम. ते पैसे काढून ती सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देते, आणि ते आपले मानतच नाही म्हणून दान केलं असंही म्हणत नाही.

जिला नको तिच्या गळ्यात मारायचं, आणि ज्याला कमी दर हक्कानं मिळायला हवा त्याला खेटे घालायला लावायचे. असा संताप झाला की बाहेर येताच मी बोलून गेले, "खाला, संडासात कायले घालता? आमच्या कर्जात टाका ना!"

ती दचकली. बाबांकडे पाहून हळूच म्हणाली, "बेटा, जे मी माह्या घरात घेत नाई, ते भाऊच्या घरात कशी टाकू?"

बाबा अर्जाची घडी करत उभे होते. आमच्या घरात व्याज टाकताना बँकेनं एवढाही विचार केला नव्हता.