वहिनीच्या नावाची तीन तिकिटं

आता चहा ओतलाच आहे तर सांगूनच टाकतो. उशीर केला तर माझी बायको सुलभा आतून येईल आणि माझ्याआधी सांगून मोकळी होईल. तिच्या सांगण्यात मी आणखी मोठा गाढव निघतो. तेव्हा गाढवपणा माझा, तो मलाच सांगू द्या.

तुम्हाला माहीतच आहे, मी द्रोणागिरीला एका गोदामात तीस वर्षं कागद तपासले. कंटेनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक असला तरी मी गाडी गेटबाहेर सोडत नसे. ड्रायव्हर हातापाया पडायचे, मालक फोन करायचे, मी ढिम्म. असा माणूस तिकीट काढायला बसला की काय होईल? काही चुकणार नाही, असंच मलाही वाटलं होतं.

तिकीट माझ्या वहिनीचं होतं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, जनादादाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. दोन वर्षांनी आमची आई गेली. त्यानंतर मला जेवायला घालणं, तापात उशाशी बसणं, शाळेत मारामारी केली की मास्तरांसमोर जाऊन उभं राहणं, हे सगळं तिने केलं. त्यामुळे वहिनी म्हणताना माझ्या मनात आईच असते. हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

गेल्या वर्षी दादा गेला. त्यांची एकुलती एक मुलगी प्राची नवऱ्याबरोबर व्हिएतनामला, दा नांग शहरात नोकरीला आहे. ती गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी सगळी तयारीही वहिनीने केली होती. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्राचीला विमानात बसायला बंदी घातली.

वहिनीने दोन दिवस त्या तयारीची आवराआवर केली. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "ती नाय येत तर मीच जाईन. तुझा दादा असता तर तो पन आला असता. पोरीचे बाळंतपनाला आई पायजेल."

दादा असताना दोघांनी हौसेने पासपोर्ट काढून ठेवले होते. पण वहिनी विमानात कधी बसली नव्हती. तेव्हा बरोबर मी जायचं ठरलं.

प्राचीचा फोन आला. "काका, तिकिटं मी काढते इकडून. एक स्टॉपवालं आहे, सकाळी निघून संध्याकाळी पोचाल."

"किती पडतंय?" मी विचारलं.

तिने आकडा सांगितला आणि माझा स्वाभिमान जागा झाला. एवढ्या पैशात आमच्या सोसायटीचा जिना रंगवून झाला असता. मी म्हटलं, "तू त्या अवस्थेत लॅपटॉप घेऊन बसू नकोस. तिकिटं काकावर सोड."

मग मी अभ्यासाला लागलो. तुम्हाला सांगतो, बारावीला एवढा केला नव्हता. माझ्या असं लक्षात आलं की तिकडच्या त्या छोट्या छोट्या देशांमध्ये एसटीसारखी विमानं धावतात. एक सलग तिकीट घेण्यापेक्षा प्रवासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या स्वस्त कंपनीकडून घ्यायचा. मुंबई ते बँकॉक, बँकॉक ते क्वालालंपूर, क्वालालंपूर ते दा नांग. नकाशावर बघाल तर मधला तुकडा खाली जातो आणि मग परत वर येतो, म्हणजे नेरूळहून वाशीला जायला कोणी उलट्या दिशेचं पनवेल गाठावं तसं. पण स्वस्त होतं.

"मधे किती थांबायचं आहे?" सुलभाने विचारलं.

"एका ठिकाणी बारा तास, एका ठिकाणी सव्वीस."

"वहिनी सदुसष्ट वर्षांच्या आहेत."

"तिला तेवढीच विश्रांती."

सुलभा काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती जेव्हा जेव्हा काही बोलली नाही, तेव्हा तेव्हा मी थांबायला हवं होतं.

घरात मी नियमच केले. विमानाचं तिकीट एकाच फोनवर सारखं बघितलं की भाव चढतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी एकदा माझ्या फोनवर बघायचो, एकदा सुलभाच्या, एकदा खालच्या वॉचमनच्या. शेवटी वॉचमन मला विचारायला लागला, "साहेब, बँकॉक कधी जायचं आपण?"

एका मंगळवारी जेवताना फोनवर आलं, तिन्ही तुकडे स्वस्त झालेत, दुपारी दोनपर्यंतच. हात न धुता उठलो. माझं नाव टाकलं. मग वहिनीच्या नावाची रिकामी चौकट आली. तिच्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा.

सुलभा पाठीमागे उभी होती. "वहिनींना फोन लावा आणि पासपोर्ट बघून सांगायला सांगा."

मला हसू आलं. "ज्या बाईच्या हातचं खाऊन मोठा झालो तिचं नाव विचारायला फोन लावू?"

आणि मी लिहिलं, सुनंदा जनार्दन म्हात्रे. एकदा, दोनदा, तीनदा. दोन वाजायला सहा मिनिटं होती. मी पुन्हा जेवायला बसलो तेव्हा वरणभात गार झाला होता, पण गोड लागला.

व्हिसा आणि बाकीचे फॉर्म प्राचीने तिकडून भरले. वहिनीने तिला पासपोर्टचे फोटो थेट पाठवले होते. मला तो पासपोर्ट बघायची वेळच आली नाही. प्राचीने दोनदा मागितलं, "काका, तिकिटं पाठवा ना, एकदा नजर टाकते." मी तिला फक्त तारखा आणि वेळा टाईप करून पाठवल्या. परीक्षकाने पेपर मागितल्यासारखं वाटलं होतं मला.

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर पोचलो. वहिनी नवी साडी लुगड्यासारखी चापूनचोपून नेसली होती. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, तो तिने सामानात द्यायला नकार दिला होता. सुलभा सोडायला आली होती. काचेच्या दारातून हात हलवून ती बाहेरच थांबली. दारावरच्या जवानाने गर्दीत तिकिटावरचं माझं नाव आणि वहिनीचा फोटो तेवढा बघितला आणि दोघांना आत सोडलं.

काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट बघितला, पास छापला. मग वहिनीचा बघितला. स्क्रीनकडे बघितलं. परत पासपोर्टकडे बघितलं.

"सर, ह्या मॅडमचं तिकीट कुठंय?"

"माझ्याच बरोबर. सुनंदा म्हात्रे."

"ते आहे. पण ह्यांचं कुठंय?"

"ह्याच सुनंदा म्हात्रे."

तिने पासपोर्ट माझ्याकडे फिरवला. तिथे लिहिलं होतं, चांगुणा पांडुरंग भोईर.

मी चष्मा पुसला. तिकिटावर तीन नावं, पासपोर्टवर तीन नावं. एक जरी जुळलं असतं तरी मी त्या मुलीशी भांडलो असतो. एकही जुळत नव्हतं. गोदामात अशी गाडी आली असती तर मी पोलीस बोलावले असते.

"वयनी," मी जरा आवाज चढवून म्हटलं, "तू कोणाचा पासपोर्ट आणलास?"

"फोटू बग," ती म्हणाली. "मीच हाय ना? मंग पासपोर्ट पन माझाच."

"आणि ही चांगुणा कोण?"

"मीच. म्हायेरचा नाव."

मागे रांग होती. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं. वहिनी अगदी शांतपणे, मला लहानपणी पाढे शिकवायची त्या आवाजात सांगायला लागली. नवं शहर वसवायला सरकारने तिच्या वडिलांच्या जमिनी घेतल्या, त्याच्या बदल्यात त्यातला साडेबारा टक्के भूखंड परत मिळायचा होता, वारसांमध्ये लेकींची नावंही लागायची होती. "तवा माझे भावानी सगले कागद त्याच नावानी केले. आधार पन तोच. तुझे दादानी पासपोर्ट काढला तो आधार दाखवून. दादाला सगला ठावा होता."

दादाला ठाऊक होतं, प्राचीला ठाऊक होतं. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचं असंच आहे, हेही मला ठाऊक होतं. फक्त माझ्या घरातलं मला ठाऊक नव्हतं.

"मग हे सुनंदा आलं कुठून? कोणी घातला हा घोळ?" मी खरंच चिडलो होतो.

"लग्नात बदलतात ना, तसा बदलला," एवढंच ती म्हणाली.

मी काउंटरवरच्या मुलीला विनवलं. स्पेलिंगचं एखादं अक्षर बदलता येतं, ती म्हणाली, पण अख्खा माणूस बदलता येत नाही. नवीन तिकीट घ्यायचं तर विमान भरलेलं होतं. आणि पुढचे दोन तुकडे वेगळ्या कंपन्यांचे, त्यांच्यावरही सुनंदाच बसलेली होती.

तेव्हा पहिल्यांदा मला आपण काय करून ठेवलंय ते कळलं. वहिनीने प्राचीला शब्द दिला होता. दादाच्या माघारी तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मी थोड्या पैशांच्या नादात घालवायला निघालो होतो. वहिनी लाडवांचा डबा छातीशी धरून बाजूला उभी राहिली. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"चुकला तर चुकला," ती म्हणाली. "पोरीला फोन लाव."

प्राचीने ऐकून घेतलं. हसली नाही. तिच्या नवऱ्याने तिथल्या तिथे चांगुणा भोईर या नावाने दुसऱ्या दिवशी सकाळचं एक स्टॉपचं तिकीट काढलं. जागा एकच होती. त्याने मधल्या विमानतळावर सोबतीला माणूस मिळायची सोयही करून दिली. या सगळ्याला त्याला माझ्या जेवणातल्या एका चपातीएवढा वेळ लागला.

"आणि तुम्ही, काका?" प्राचीने विचारलं.

माझं तिकीट परत होणारं नव्हतं. स्वस्त होतं ना. वहिनी म्हणाली, "तू जा पुढं. मी येतंय."

म्हणजे जिला एकटीला पाठवायचं नाही म्हणून मी निघालो होतो, तिला घरी पाठवून मी एकटा विमानात बसलो. सुलभाने बाहेरून वहिनीला परत येताना बघितलं तेव्हा तिने म्हणे एवढंच विचारलं, "नाव ना?"

बँकॉकला बारा तास. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो आणि माणसाने विमानतळावर करायच्या सगळ्या गोष्टी दोन दोनदा केल्या. क्वालालंपूरला सव्वीस तास. तिथे बसलो असताना संध्याकाळी फोनवर फोटो आला. वहिनी प्राचीच्या सोफ्यावर बसलेली, पुढ्यात डबा उघडा, प्राची लाडू खातेय. माझ्या एक दिवस मागून निघून ती पोचली होती. मी अजून तिसऱ्या तुकड्याची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दा नांगला उतरलो. फोन चालू केला तर मेसेज. ठरलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी, त्याच दिवशी सकाळी, प्राचीला मुलगी झाली होती. सगळं सुखरूप. आई शेवटपर्यंत हात धरून होती, असं प्राचीच्या नवऱ्याने लिहिलं होतं. मी विमानतळाच्या दारात उभा राहून रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

टॅक्सीत बसल्यावर डोकं चालायला लागलं. हिशेब सरळ होता. मी नाव बरोबर लिहिलं असतं, तर वहिनी माझ्याबरोबरच दुपारी उतरली असती आणि तिला बाळंतपण चुकलं असतं. मी नाव चुकवलं म्हणून ती वेळेवर पोचली. म्हणजे एका अर्थाने हे सगळं माझ्यामुळेच झालं. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मी हे वाक्य नीट जुळवून ठेवलं.

खोलीत गेलो आणि वाक्य सांगितलं. प्राची थकली होती तरी हसली. तिने बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं तोंड, आणि भुवया थेट दादाच्या.

"काका," प्राची म्हणाली, "एवढं केलंत तर बाळाला नाव पण तुम्हीच सुचवा."

मी घसा साफ केला. दोन-तीन नावं डोक्यात तयारही झाली होती.

"त्याला नको इचारू," खिडकीजवळून वहिनी म्हणाली.

"का गं?"

"माझा नाव त्यानीच ठेवलता."

वहिनी बाळाचं दुपटं घडी घालत होती, तिने मान वरही केली नाही. "लग्नात तांदलात नाव लिवायचा होता. सगले येगयेगला सांगत होते. ह्याचे शालंत सुनंदाबाई होती, ह्याला लय आवडायची. ह्यो मांडवात लोललाच, वयनीचा नाव सुनंदाच पायजे. आईच्यानी ऐकवंना. दादा बोलला, बारका हाय, लिवा. तवापासून मी सुनंदा."

"मग तू विमानतळावर का नाही बोललीस?" मी विचारलं.

"चार मानसांत कशाला?"

मी बाळ प्राचीच्या हातात परत दिलं आणि लाडू उचलला. आणखी काही करण्यासारखं नव्हतं.

नाव त्यांनी बारा दिवसांनी ठेवलं. तोवर मी परत नेरूळला आलो होतो, या वेळी एका स्टॉपने. आमच्या घरच्या ग्रुपवर नाव आलं, सगळ्यांनी फुलं पाठवली, हात जोडले. मी बराच वेळ विचार करून एकच ओळ लिहिली.

"नाव छान आहे. पासपोर्टवर पण हेच राहणार ना?"