अण्णांच्या उसाची पाळी

नगरला मी ज्या ऑफिसात काम करते, तिथं आम्ही एका साखर कारखान्याचा तोडणीचा प्रोग्राम सांभाळतो. ज्यानं उसाची लागण आधी केली, त्याचा ऊस आधी तुटायचा, असा नियम. कुणाची पाळी कधी, ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळं राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यांची खात्री, की माझ्या वडिलांचा, अण्णांचा ऊस पहिला जाणार. पोरगीच तिथं बसलीय ना! कप्पाळ माझं. मागाहून लागण केलेल्यांच्या रानात तोडणीवाल्यांच्या टोळीचे कोयते चालू झाले आणि अण्णांचं नाव प्रोग्रामात कुठंच नव्हतं.

रोज फोन. "आगं, उसाला तुरं आलं. आतून पोकळ व्हायला लागलाय. तू करती काय तिथं?"

काय करणार, डोकं फोडून घेत होते. नोंदीतलं गावाचं नाव गावांच्या तक्त्यातल्या नावाशी जुळलं, तरच प्रोग्राम तो प्लॉट धरतो. अण्णांची नोंद होती, गावाचं नाव धडधडीत समोर दिसत होतं. पण त्या नावानं शोधलं की ती नोंद गायब. नाव दुरुस्त करायची क्वेरी, म्हणजे मशीनला द्यायचा हुकूम, चालवली, तर उत्तर आलं, क्वेरी यशस्वी, शून्य ओळी बदलल्या. यशस्वी म्हणे! मेल्या, एखादी चूक तरी दाखव, शिवी तरी दे. मागची-पुढची मोकळी जागा छाटली, नाव पुन्हा पुन्हा टाइप केलं. शून्य. शेवटी शेवटी तर स्क्रीनसमोर बसून मला नुसतं रडू यायचं.

मग एकेक अक्षर सुटं करून मशीन ते कुठल्या आकड्यानं ओळखतं ते काढलं, तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीच्या नोंदी कारखान्याच्या गट ऑफिसातल्या जुन्या मशीनवर, जुन्या फॉन्टात झालेल्या. पुढच्या सगळ्या मोबाईलवरून. जुन्या नोंदी नव्या प्रोग्रामात आणताना एका अक्षराचा आकडाच बदलला होता. डोळ्याला गाव तेच, मशीनला परकं. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी लागण केली, नेमके तेच बाहेर. त्यांत अण्णा शेवटचे.

दुरुस्तीची क्वेरी नव्यानं लिहिली. खाली अट घातली, फक्त अण्णांचा प्लॉट नंबर. तेवढीच चालवली असती, तर तोडणीची पुढची चिठ्ठी अण्णांची निघाली असती. बाकीच्यांचं नंतर केलं असतं, कुणाला कळणार होतं? त्या अटीकडं मी बराच वेळ बघत बसले. मग ती खोडली आणि सगळ्यांचं एकदम दुरुस्त केलं. भराभर ओळी बदलल्या. ऑफिसात टाळ्या वाजल्या.

आधीच्या लागणीवाले सगळे पुढं आले, त्यांच्यामागं अण्णा. टोळी एकेक रान उरकत आमच्या बांधाला येऊन टेकली आणि कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला, गाळप बंद. तोडणीवाले ट्रॅक्टरवर संसार लादून पाथर्डीकडं निघून गेले. आमचा ऊस उभाच.

त्या रविवारी मी घरी गेले. शेजारचे काका पेढे घेऊन आले होते. "पोरीनं लई मोठं काम केलं तुमच्या. न्हाईतर आमचं रान तसंच ऱ्हायलं असतं." अण्णांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, मान हलवली. काका गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच उरलो.

"एकट्या आपलंच करता आलं असतं का गं?"

खोटं बोलायला हवं होतं. "हो," म्हटलं.

"मग?"

"अण्णा, त्यांचापण ऊस वाळत होता."

ते उसाकडं बघत राहिले. "बरोबर केलं. मानसानं असंच करावं." मग उठता उठता म्हणाले, "पन हे मला सांगायला नको हुतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं उभा ऊस पेटवून दिला. तेव्हापासून त्यांचा फोन येत नाही. मी केला, की माझा आवाज ऐकतात आणि आईकडं देतात.