भूगोल न शिकलेली मेंढरं

हॉस्टेलच्या गच्चीवर घोंगडी उन्हात टाकली, की तिच्या लोकरीच्या वासानं मला डोंगराच्या पायथ्याचं ते रान आठवतं. दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून थेट तिथं पोचले होते. आमच्या गावाहून, खुटबावहून, चरायला निघालेली आमची मेंढरं दरवर्षी त्याच भागात मुक्कामाला थांबतात. माझे वडील, आबा, सगळ्यांसमोर म्हणाले, "औंदा मुक्कामाची जागा तू निवड. भूगोल शिकतीस नव्हं?" मला घाम फुटला. चुकले असते, तर पोरीला शिकवून काय मिळालं, असं भावकी म्हणाली असती. मी ओढ्याकाठची सपाट, हिरवी जागा दाखवली आणि आईनं तिथं चूल मांडली. मेंढरं आली, त्यांनी जमीन हुंगली आणि सरळ वरच्या खडकाळ माळावर जाऊन बसली. "त्यास्नी भूगोल न्हाई वाटतं," आई म्हणाली, तसे सगळे हसले. मी वर जाऊन मातीला हात लावला. ती कोरडी होती. खालची ओल मेंढरांच्या खुरांना बाधली असती. "आबा, माझं चुकलं. वर राहू," मी कसंबसं म्हणाले. "आत्ता निवडलीस," म्हणत आबांनी मेंढरांभोवती लावायच्या जाळीचा पहिला खुंट माझ्याच हातात दिला. अजूनही वर्गात उत्तर चुकलं की घाम फुटतो, पण मुठीत तो खुंट असल्यासारखं वाटतं.